विण्याला कोण आहे?

शिवनाम सप्ताहाचा मांडव मठापुढं पडला की उमरग्यातली ती गल्ली आठवडाभर वेगळ्याच घड्याळावर चालते. पहाटे शिवपाठ, मग वाचन, दुपारी महाप्रसाद, संध्याकाळी शिवकीर्तन. आणि या सगळ्याच्या मधोमध, गाभाऱ्याकडं तोंड करून, एक माणूस गळ्यात विणा अडकवून उभा असतो. सप्ताह बसल्यापासून समाप्तीपर्यंत हा विणा जमिनीला टेकवायचा नाही, अशी रीत आहे. एकानं दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा, दोघांनी एकमेकांना वाकून नमस्कार करायचा, मगच पहिल्यानं हलायचं. रात्र असो, दुपार असो, मांडवात कुणी ऐकायला असो वा नसो, विण्याच्या पहाऱ्याला खंड नाही.

त्या दिवशी दुपारचा पहारा मल्लम्माचा होता. सकाळी खाटेवर बसून, पायाची सूज अंगठ्यानं दाबून बघत तिनं ही गोष्ट मुलाच्या कानावर घातली.

"महाप्रसादाच्या नंतरचा पहारा माझा हाय. गुंडाप्पाला सांगून ठेवलंय म्या."

"अव्वा, आज तुझं डायलिसिस आहे," बसवेश लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला.

"म्हणून तर तुला सांगते. माझ्या बदली तू उभा ऱ्हा."

"मला काम आहे."

"तुझं काम म्हंजे रेघा बघायच्या. त्या काय पळून चालल्यात व्हय?"

"शिवपुत्रला सांग ना."

"शिवपुत्र मला रिक्षातून नेणार. मला मशीनला लावलं की मठात येऊन तुझ्याकडनं विणा घेणार. आंघोळ करूनच निघ म्हणलंय त्याला."

"म्हणजे सगळं ठरवून झाल्यावर मला विचारतेस."

"आदी इचारलं असतं तर न्हाय म्हणला असतास," मल्लम्मा म्हणाली आणि पाय खाली सोडून चपला शोधू लागली.

शिवपुत्र म्हणजे बसवेशचा चुलतभाऊ. हायवेवर रिक्षा चालवायचा आणि काकूचं काम असलं की भाडं सोडून यायचा. बसवेशनं पुढं वाद घातला नाही. वाद घालायलाही थोडी ताकद लागते, आणि ती त्याच्यात गेल्या महिन्याभरात उरली नव्हती.

रेघा बघायच्या, हे आईनं तसं चुकीचं सांगितलं नव्हतं. बसवेश पुण्याच्या एका कंपनीत नोकरीला होता आणि काम उमरग्यात घरी बसून करायचा. ती कंपनी डायलिसिस सेंटरांना नंबर लावायची व्यवस्था पुरवायची. कोणता पेशंट, कोणत्या वारी, कोणत्या मशीनवर, हे सगळं एका डेटाबेसमध्ये असायचं. हा डेटाबेस कागदावर लिहून ठेवणाऱ्या कारकुनासारखा नव्हता. तो सगळं मेमरीत, म्हणजे डोक्यातच, धरून ठेवायचा, म्हणून विचारल्याबरोबर उत्तर द्यायचा. शिवाय तो एकटा नव्हता. त्याचे भाग वेगवेगळ्या कंटेनरांत चालायचे. कंटेनर म्हणजे मोठ्या कॉम्प्युटरच्या आतली एक छोटी बंद खोली म्हणा. प्रत्येक खोलीकडं काही सेंटरं वाटून दिलेली, आणि अशा सगळ्या खोल्या मिळून एक क्लस्टर.

या खोल्यांची तब्येत गोळा करायची, ही बसवेशची जबाबदारी. मेमरी किती भरली, उत्तराला किती उशीर लागतोय, कुठं काही अडलंय का. एक छोटा प्रोग्रॅम सारखा जाऊन हे आकडे आणायचा आणि पडद्यावर त्यांच्या रेघा उमटायच्या. रेघ हिरवी, म्हणजे बरं चाललंय.

अवघड होतं ते इथंच. रेघा हिरव्या होत्या आणि नंबर गायब होत होते.

महिन्याभरात मल्लम्माचा नंबर दोनदा गेला. सेंटरच्या काउंटरवर बसणारी हर्षाली पडद्यावर शोधशोध शोधायची आणि ओशाळून सांगायची, "आजी, आज तुमचं नावच दिसंना बगा." मग कुणाचं तरी मशीन मोकळं होईपर्यंत बाकावर बसायचं. एकदा तर परत यावं लागलं, आणि त्या रात्री मल्लम्माला आडवं पडता येईना. अंगात पाणी साठलं की झोपल्यावर श्वास कोंडतो. ती भिंतीला टेकून बसून राहिली आणि बसवेश तिच्यापुढं.

त्यानं पुण्याला कळवलं. त्याचे साहेब कृष्णराज स्वभावानं चांगले होते, पण त्यांच्याही डोक्यावर माणसं होती.

"ग्राफ बघ की," कृष्णराज म्हणाले. "मेमरी निम्मीसुद्धा भरलेली नाही. सेंटरचं इंटरनेट जात असेल."

"इंटरनेट गेलं तर सगळेच नंबर जातील, सर. इथं ठरावीकच जातात."

"मग शोधून दाखव. आणि हे ऐक. वरचे मला विचारायला लागलेत. घरी बसणाऱ्याला हे जमत नाही, असं त्यांचं म्हणणं. या महिन्यात कारण सापडलं नाही तर तुला पुण्यात येऊन बसावं लागेल. माझ्या हातात नाही ते."

पुणं मल्लम्मानं एकदा अनुभवलं होतं. बसवेशच्या फ्लॅटवर ती काही महिने राहिली आणि वाळत गेली. "तितं कीर्तन व्हतंय की," परत आल्यावर ती शेजारणींना सांगायची, "पर मोबाईलमधी. टाळ कुणाच्या हातात न्हाय, आन् प्रसाद बी न्हाय." ती उमरगा सोडणार नव्हती. तिला इथं एकटं ठेवून जाणं बसवेशला जमणार नव्हतं. म्हणून तो शोधत होता. दिवसा शोधत होता, जेवताना शोधत होता, आदल्या संध्याकाळी तर कीर्तनात बसूनही शोधत होता.

सप्ताहाचं कीर्तन शिवप्रियाताईंचं होतं. त्यांचं कीर्तन लहानपणापासून ऐकणारी माणसं मांडवात जागा धरून बसतात, कारण ताई आधी पोट धरून हसवतात, हसता हसता डोळे भरून आणतात, आणि डोळे पुसायच्या आत पुन्हा हसवतात. बसवेश मागं खांबाला टेकून बसला होता. मृदंग घुमत होता, टाळ लागले होते, आणि त्याला झोप लागली. ताईंनी ते व्यासपीठावरून बघितलं. हात वर करून त्यांनी गाणं थांबवलं. "जरा हळू वाजवा रे," टाळकऱ्यांना म्हणाल्या, "आमचे एक श्रोते समाधीत गेलेत." सगळा मांडव खदाखदा हसला. त्या हशानंही बसवेश जागा झाला नाही.

तर दुपारी तो आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून मठात गेला. पंगती उठल्या होत्या. हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, आणि आमटी-भात पोटभर झाल्यावर मांडवात जो तो मिळेल तिथं आडवा झाला होता. गाभाऱ्यासमोर गौराबाई विणा घेऊन उभी होती. सत्तरी उलटलेली, काटकुळी, पण आवाज खणखणीत.

"आलास का? मल्लम्माच्या बदली व्हय?" नमस्कार करून तिनं विणा त्याच्या गळ्यात घातला. "पट्टा आखूड कर. आन् तोंड हलवत ऱ्हा, नुसता उभा ऱ्हाऊ नको पुतळ्यावानी. म्या जेवते आता."

बसवेशनं एका हातात चिपळ्या घेतल्या, दुसऱ्या हाताचं बोट तारेवर ठेवलं आणि नाम सुरू केलं. सुरुवातीला फार बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी त्याच्यासमोर पडदा नव्हता. समोर समई होती, बेलाची पानं होती, आणि तोंडात एकच नाम. खांद्यावरचं ओझंही हलकं वाटत होतं.

पण उन्हं तापलेली. मांडवाचं कापड वरून भाजत होतं आणि पंखा निजलेल्यांकडं तोंड करून फिरत होता. पहाऱ्याची वेळ सरली. शिवपुत्र आला नाही. येईल आता, असं म्हणत बसवेश उभा राहिला. पट्टा मानेत रुतायला लागला. पोटऱ्या भरून आल्या. मग खिशातला फोन थरथरला. थांबला. पुन्हा थरथरला.

दोन्ही हात गुंतलेले. आणि गळ्यात विणा असताना फोन काढायचा, हे त्याच्या हातून झालंही नसतं. तो प्रत्येक थरथर मोजत उभा राहिला. अव्वा सेंटरला आहे. फोन तिकडूनच असणार.

पायाशी निजलेला दगडोबा कूस बदलून उठला. बसवेशनं नाम न थांबवता भुवया उंचावून त्याला खुणावलं, घेता का जरा?

"घेतला असता रं," दगडोबा डोळे चोळत म्हणाला, "पर तंबाखू हाय तोंडात. चूळ भरून आलोच."

तो गेला. मांडवाच्या तोंडाशी चहाच्या किटलीजवळ खुर्ची टाकून गुंडाप्पा बसलेले असायचे. सप्ताहाची सगळी व्यवस्था त्यांच्याकडं. आतून बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच विचारायचे. आताही त्यांचा आवाज आला.

"दगडोबा, विण्याला कोण हाय?"

"मल्लम्माचा बसू."

"बराय का?"

"बराय की. झकास उभा हाय."

मग चहा ओतल्याचा आवाज आला. दगडोबा परत आलाच नाही. थोड्या वेळानं एक बाई पोर कडेवर घेऊन बाहेर गेली. तिलाही गुंडाप्पांनी विचारलं आणि तिनंही सांगितलं, बराय. मग आणखी कुणीतरी गेलं. बराय. फोन पुन्हा थरथरला.

बसवेशच्या डोळ्यापुढं समई हलायला लागली. राग आला, आणि राग काढायला तोंडात नामाशिवाय दुसरं काही नव्हतं. त्यानं तेच मोठ्यानं म्हणायला सुरुवात केली. आणखी मोठ्यानं. शेवटी तो इतक्या जोरात ओरडायला लागला की निजलेली दोन-तीन माणसं दचकून उठून बसली आणि गुंडाप्पा धोतर सावरत आत आले.

"बसू! हे शिवनाम हाय का भांडान? रस्त्यावरचे ट्रकवाले थांबून बघायलेत!"

"शिवपुत्र आला न्हाय, अप्पा. कवाचा उभा हाय मी. फोन वाजायलाय, अव्वा तिकडं सेंटरला हाय."

"आरं मग सांगायचं की मला!"

"कसं सांगू? विणा घेऊन दारात येऊ?"

"मी समद्यांना इचारलं. समदे बराय म्हणाले. त्यो दगडोबा तर झकास म्हणाला."

"त्यांना काय विचारता, अप्पा? दारात येतात ते मोकळे असतात. ज्याच्या गळ्यात आहे तो दारात येऊच शकत न्हाय, तर त्याचं..."

वाक्य तिथंच राहिलं. बसवेश गुंडाप्पांकडं बघतच उभा राहिला, तोंड उघडं टाकून.

"काय झालं? चक्कर आली का काय?" गुंडाप्पांनी घाईनं नमस्कार केला. "आण हिकडं. गुडघे गेलेत माझे, पर गळा हाय अजून."

बसवेशनं विणा त्यांच्या गळ्यात घातला आणि बाहेर येऊन फोन बघितला. सगळे कॉल शिवपुत्रचेच. त्यानं परत लावला.

"दादा, काकूचा नंबर आज बी न्हाय," शिवपुत्र रडकुंडीला आला होता. "तिला एकटीला सोडून कसा येऊ? विण्याचं काय झालं?"

"विण्याचं झालं. तू तिथंच थांब."

मोटारसायकल काढून, घरून लॅपटॉपची बॅग उचलून तो निघाला. हायवेच्या चौकात हैदराबादकडं जाणाऱ्या ट्रकांची रांग लागली होती. रस्ता मोकळा होईपर्यंत उन्हात थांबावं लागलं, आणि तेवढ्यात त्याच्या डोक्यात सगळं जागेवर बसलं.

आकडे आणणारा प्रोग्रॅम खोल्यांत जातच नव्हता. क्लस्टरला बाहेरून एक सामाईक दार होतं. प्रोग्रॅम त्या दाराशी जाऊन विचारायचा, आणि दार आतल्या कुणातरी एकाला पुढं करायचं. कुणाला? जो मोकळा असेल त्याला. जो उत्तराला उशीर लावतोय त्याला जरा वेळ पाहुण्यांपुढं आणायचं नाही, असा त्या दाराचा नियम होता. नियम चांगल्या हेतूनंच केलेला. पण त्यामुळं जो कंटेनर दमला असेल, त्याची तब्येत नेमकी तो दमला असतानाच कुणी विचारत नव्हतं. बाकीचे येऊन सांगत होते, बराय. ही मांडणी कुणीतरी पूर्वी करून नोकरी सोडून गेलं होतं, आणि रेघा हिरव्या असल्यानं तिला पुन्हा कुणी हात लावला नव्हता.

मल्लम्मा सेंटरच्या बाकावर भिंतीला टेकून बसली होती. चेहरा सुजलेला, ओठ कोरडे. मुलाला बघून तिनं पहिलं काय विचारावं?

"विणा कुणाला दिलास?"

"गुंडाप्पांना."

"त्याच्या गुडघ्याचं काय? दुसरं कुणी दिसलं न्हाय तुला?"

"अव्वा, तुला कसं वाटतंय?"

"मला काय, म्या बसलेय. तू का असा लाल झालायस?"

काउंटरमागून हर्षाली उठून आली. "सर, आज पाचजणांची नावं न्हाईत. गुंजोटीचे आजोबा हायत, मुरूमच्या दोन बाया. ज्यांची नावं दिसतात त्यांना आधी घ्यावं लागतंय, आन् लोक माझ्यावर ओरडायलेत. मी काय केलंय सांगा बरं?"

"तू काही केलं नाहीस. थोडा वेळ दे."

तो आईशेजारी बसला आणि मांडीवर लॅपटॉप उघडला. शिवपुत्र वाकून बघायला लागला. "हितं बाकावर बसून पुण्याचं मशीन दुरुस्त करणार?"

"सरक. उजेड येऊ दे."

काम म्हणावं तर थोडंच होतं. आकडे कुणाकडून आणायचे, तिथं सामाईक दाराचा पत्ता होता. तो काढून त्यानं प्रत्येक कंटेनरचं स्वतःचं नाव घातलं. आता प्रोग्रॅमला दाराशी थांबायचं नव्हतं. एकेकाच्या खोलीत जाऊन त्यालाच विचारायचं होतं. त्यानं बदल लावला आणि वाट बघितली.

पडद्यावर मेमरीच्या एका रेघेच्या जागी बऱ्याच रेघा आल्या. एक हिरवी, तिच्याखाली आणखी एक हिरवी. त्यांच्या खूप वर, पडद्याच्या कडेला चिकटलेली, एक लाल.

उमरग्याचे नंबर त्याच खोलीत होते. मध्यंतरी एका मोठ्या शहरातलं सेंटर कंपनीकडं आलं होतं आणि तेही त्याच खोलीत पडलं होतं. मेमरी काठोकाठ भरलेली. आणि भरल्यावर काय करायचं, याचा नियम ठरलेला. जे फार दिवसांत कुणी उघडून बघितलं नाही, ते फेकून द्यायचं. जी माणसं फोनवरच्या ॲपमध्ये आपला नंबर पुन्हा पुन्हा उघडून बघतात, त्यांचे नंबर शाबूत होते. ज्यांनी एकदा नंबर लावला आणि विश्वासानं आपल्या दिवशी येऊन बसले, ते आधी गेले. मल्लम्मानं तर ते ॲप कधी उघडलंच नव्हतं. तिला एकदा सांगितलेला वार पुरायचा.

बसवेशला आनंद व्हायला हवा होता. त्यानं डोळे मिटून नुसतं भिंतीला डोकं टेकवलं. तोच पुण्याहून फोन आला.

"बसवेश, काय केलंस तू? रेघांचा बोर्ड लाल झालाय!"

"लालच होतं, सर. आता दिसायला लागलं." आणि त्यानं थोडक्यात सगळं सांगितलं.

"हं. पकडलंस तू," कृष्णराज म्हणाले. "बरोबर आहे तुझं. पण आता मीटिंग आहे. सेंटरवाल्यांची मोठी माणसं येऊन बसलीत आणि हाच बोर्ड त्यांच्यापुढं लावायचाय. कालपर्यंत हिरवं होतं, यांनी हात लावला आणि लाल झालं, असंच म्हणतील ते. तू एक काम कर. मीटिंग होईपर्यंत जुनं परत लाव. मेमरी संध्याकाळी वाढव. तू कारण शोधलंस हे मी वर लिहून देतो. पुण्याला यायचा विषय संपला. राहा तिथंच आईजवळ."

जे मिळवायला बसवेश महिनाभर धडपडत होता, ते असं अचानक त्याच्या ओंजळीत टाकलं होतं.

"ऐकतोयस ना?"

"संध्याकाळी सेंटर बंद होतं, सर."

"मग उद्या सकाळी लवकर. खोली मोठी करायची तर ती एकदा बंद करून चालू करावी लागते, तुला माहीत आहे. मीटिंगच्या मध्ये त्या खोलीतली सगळी सेंटरं थांबली तर मी काय तोंड दाखवू?"

"इथं पाचजण बसलेत. त्यांचे नंबर आत्ता परत आणले तर खोली आत्ताच पुन्हा फेकून देईल."

"बसवेश, मी तुझ्या भल्याचं सांगतोय. नाहीतर सोमवारी तुला इकडं यावं लागेल. मग मला काही करता येणार नाही."

बसवेशनं आईकडं बघितलं. ती ऐकत नव्हती. पदरानं वारा घेत समोरच्या आजोबांना विचारत होती, गुंजोटीहून यष्टी मिळाली का, जेवलात का.

"सर, मला भांडायचं नाही," तो म्हणाला. "भांडायची ताकदही नाही. सिस्टमच्या चाव्या तुमच्याकडंही आहेत. हिरवं करायचं तर तुम्ही करा, माझ्या हातानं होणार नाही. आणि सोमवारी बोलावलंत तर मी येणार नाही. तुम्हाला जे लिहून द्यायचं ते द्या."

पलीकडं कुणीतरी कृष्णराजांना हाक मारली, त्यांनी "आलो" म्हटलं, पण ते गेले नाहीत.

"आई कुठं आहे तुझी आत्ता?"

"माझ्या शेजारी. बाकावर."

"त्यांना पाणीबिणी तरी दे."

"पाणीच द्यायचं नसतं, सर. पाणीच साठलंय अंगात."

शिवपुत्रनं "कट झाला का?" असं खुणेनं विचारलं.

"वाढव," कृष्णराज म्हणाले. आवाज एकदम म्हातारा वाटला. "आत्ता वाढव. मी आत जाऊन सांगतो, आमचा बोर्ड खोटं बोलत होता म्हणून. किती दिवस झाकायचं हे? मीपण दमलोय रे."

बसवेशनं खोली मोठी केली. ती बंद पडून उठेपर्यंत हर्षालीच्या पडद्यावर चकती फिरत राहिली आणि काउंटरपुढं आरडाओरडा झाला. एकजण तर म्हणाला, आता तर समद्यांचेच नंबर गेले! जुनं फेकायचा नियम बसवेशनं काढून टाकला आणि नंबर लावतानाच वेगळ्या लिहून ठेवलेल्या पक्क्या नोंदींतून गेलेले नंबर परत भरले. मग हर्षालीनं पडद्यावर बोट ठेवून एकेक नाव मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. गुंजोटीच्या आजोबांचं आलं. मुरूमच्या बायांची आली. मल्लम्माचं आलं तेव्हा ती उठून उभी राहायला लागली, तर हर्षाली धावत आली.

"बसा आजी, बसा. नाव आलंय, पर मशीन मोकळं व्हायला अजून वेळ हाय. मी थांबते आज, तुमचं झाल्याबिगर कुलूप लावत न्हाय."

मल्लम्माला मशीन मिळालं तेव्हा दिवस कलला होता. शिवपुत्र रात्रीच्या पहाऱ्याचं बघायला मठाकडं गेला. बसवेश आईच्या पलंगाशी स्टुलावर बसून होता. नळ्यांतून तिचं रक्त जात होतं, येत होतं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा थोडा उतरत होता.

कृष्णराजांचा निरोप आला. मीटिंगमध्ये बरंच ऐकून घ्यावं लागलं होतं. पण शेवटी त्या लोकांनीच म्हटलं होतं की आता प्रत्येक खोलीची रेघ वेगळी दाखवा, आणि खरी दाखवा. खाली लिहिलं होतं, "तू उमरग्यातच राहा. पण सगळे अलर्ट आता तुझ्याच फोनवर येतील. दुसरा माणूस सध्या मिळणार नाही."

त्यानं फोन पालथा घातला आणि पलंगाच्या कडेवर कपाळ टेकवलं.

"काय म्हणतेत पुण्याचे?" मल्लम्मानं विचारलं.

"इथंच ऱ्हा म्हणतेत."

"मग तोंड का पाडलंस?"

"पाडलं न्हाय. झोप आलीय."

"मग जाऊन नीज. न्हायतर कीर्तनाला जा. शिवप्रियाताई सुरू झाली आसंल आता. काल निजलास ते निजलास, आज तरी ऐकून ये. म्या कुटं जाते? सुया टोचून बांधून टाकलंय मला."

त्याला जावंसं फार वाटलं. ताईंच्या पहिल्या ओळीला मांडव कसा एकदम गप्प होतो, ते त्याला इथं बसून जाणवत होतं. पण तो उठला नाही.

फोन थरथरला. त्यानं उलटून बघितला. नवी रेघ होती. दुसऱ्याच कुठल्यातरी जिल्ह्याची खोली, वर वर चढत चाललेली. आजवर तिची कुणी चौकशीच केली नव्हती.

"कोण हाय?"

"एकजण दमलाय, अव्वा. लांबचा हाय."

"मग बघ त्याच्याकडं," मल्लम्मा म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

बसवेशनं स्टूल भिंतीकडं सरकवलं आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. त्या खोलीत ज्यांचे नंबर होते ती माणसं कोण, कुठली, हे त्याला ठाऊक नव्हतं. उद्या सकाळी ती आपापल्या गावातून निघणार होती.